मुलीच्या खोलीचा पिस्ता रंग

आमची मुलगी चार वर्षांची होती तेव्हा एका जागी पाच मिनिटं बसत नसे. झोपतानाही लाथा झाडायची. माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं सुचवलं, "खोलीला थंड रंग द्या. मुलं शांत होतात." मला ते पटलं.

आम्ही तेव्हा म्हैसूरमध्ये एका जुन्या घरात भाड्यानं राहत होतो. लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानात मुलीला नेऊन मी रंग निवडला, फिकट पिस्ता. पडदे पांढरे शिवले. पलंग खिडकीखाली लावायचं ठरवलं, म्हणजे सकाळचा उजेड तिच्या अंगावर येईल.

खिडकीच्या चौकटीवर मात्र तेलरंगाचे कितीतरी थर होते. हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली पांढरा. रंगाऱ्यानं तीन दिवस ते कोरडेच घासले. खोलीभर पिठासारखी धूळ उडाली. मी झाडून काढली, भिंतींवर पिस्ता चढला आणि त्याच संध्याकाळी पलंग आत नेला. चौकटीच्या कोपऱ्यांत थोडे पापुद्रे राहिले होते, पण रंगारी म्हणाला, "त्यावर नवा हात मारला की दिसणार नाही."

महिनाभरात मुलगी खरंच शांत झाली. खिडकीशी बसून राहायची, हाक मारली तरी लवकर वळायची नाही. शेजारणी खोली बघायला यायच्या. मी कौतुकानं दाखवायची.

सासूबाई तिला लाडानं पुट्टी म्हणजे छोटी म्हणत. त्यांना ते आवडलं नाही. "पुट्टी इतकी सुम्ने बसते, ते बरं नव्हे गं," त्या म्हणाल्या. "मूल गप्प झालं की बघावं लागतं."

"आई, तुम्हाला दंगा केला तरी त्रास, नाही केला तरी त्रास," मी हसून म्हणाले.

मग तिचं जेवण तुटलं. पोट दुखतंय म्हणून पाय पोटाशी घेऊन पडून राहायची. औषधं झाली, जंताचीही झाली. बालवाडीतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, येत असलेली अक्षरं ती विसरतेय. एक दिवस जिन्याची दुसरी पायरी चढताना तिचा तोल गेला. यांनी तिला उचललं आणि आम्ही थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "घरात रंगकाम काढलं होतं?"

मी उत्साहानं पिस्ता रंगाबद्दल सांगू लागले. त्यांनी मला थांबवलं. "नव्याचं नाही विचारत. जुना घासला होता का?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "खिडकीचा रंग गोड लागतो."

तिनं कधीपासून ते पापुद्रे खाल्ले होते, मला आजही माहीत नाही. रक्त तपासायला बंगळुरूला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, त्या जुन्या रंगातलं, खूप निघालं. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवलं आणि मला सांगितलं की त्या खोलीत तिनं परत पाऊल टाकायचं नाही. पडदे, गादी, चादरी, सगळं तिथंच सोडून आम्ही दवाखान्यातून तिला घेऊन थेट सरगूरला माझ्या भावाकडे गेलो.

ती वाचली. पोटदुखी गेली, धावायला लागली. पण अक्षरं पुन्हा बसायला वर्षं लागली, आणि गणितात ती कायम मागे राहिली. सासूबाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

घरमालकाला आम्ही सगळं सांगितलं. "नोडोण," म्हणजे बघू, एवढंच तो म्हणाला. सहा महिन्यांनी त्या रस्त्यानं जाताना त्याच घराच्या गच्चीवर बाळाची दुपटी वाळताना दिसली. मी तशीच फाटकातून आत गेले. एका तरुण बाईनं दार उघडलं, कडेवर बाळ होतं. मी कन्नडमध्ये भराभर सांगत सुटले. तिनं ऐकून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाली की मालकांनी घर देतानाच बजावलंय, आधीची भाडेकरू बाई येऊन काहीबाही सांगेल, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तिनं दार हळूच लावून घेतलं. मी नवऱ्याला घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेले, डॉक्टरांचा कागद घेऊन. त्या दिवशी दार कुणी उघडलं नाही. कागद दाराखालून सरकवून आम्ही परतलो. तो त्यांनी वाचला की नाही, कळायला काही मार्ग नव्हता.