मावशीचं मरण छापून आलं तेव्हा

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी वैरागहून सोलापुरात मास्तर म्हणून आलो आणि एका विधवा बाईच्या घरात खोली घेतली. घर कसलं, दोनच खोल्या. एकीत ती आणि तिची पोरगी, दुसरीत मी. ती मूळची मोहोळकडची. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर गिरणीतल्या चार एकट्या माणसांना भाकरी करून घालायची आणि त्यावर घर चालवायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती माझ्या आईपेक्षा वयानं मोठी, पण मला शेवटपर्यंत ‘गुर्जी’च म्हणाली.

लिहायला लागलो तो रागानं. पुस्तकातल्या धड्यांमधली माणसं इतकी गोडगोड आणि स्वच्छ बोलायची की शिकवताना माझं डोकं तडकायचं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, उरलेल्यांच्या घरी ‘हाय-न्हाय’ची गावरान मराठी. त्यातलं कुणीच त्या पुस्तकात नव्हतं. मग म्हटलं, आपणच लिहावं. लिहिलेलं ऐकवायला मात्र मावशीशिवाय कोण होतं? शाळा सुटली की चुलीपाशी पाट टाकून बसायचो आणि वाचायचो. ती भाकरी थापत ऐकायची. गोष्टीत जीव नसला तर मध्येच म्हणायची, “गुर्जी, ती मिठाची बरणी सरकवा हिकडं.” गोष्ट जमली असली तर तव्यावरची भाकरी करपायची. असल्या करपलेल्या भाकऱ्या मी फार आनंदानं खाल्ल्या आहेत. कुठल्याही समीक्षकाचा मला पुढं एवढा उपयोग झाला नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या घरात बोलायची सोय नव्हती. मावशीला एकच मुलगी. सातवीला माझ्याच वर्गात होती, वाचायची इतकी आवड की फळा पुसायच्या आत तिचं वाचून झालेलं असायचं. मोठी झाली आणि मी लिहायला लागायच्या आधीच तिनं शहराच्या पूर्व भागातल्या, कापडाच्या मागावर काम करणाऱ्या एका पोराशी आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा निर्व्यसनी, कामसू, पण जात वेगळी, घरची भाषा तेलुगू. मावशीनं उंबऱ्यात उभं राहून, सगळी गल्ली ऐकत असताना सांगितलं, “माज्या मयतालाबी येऊ नकोस!” पोरगी तिच्याच पोटची. “न्हाई येनार,” म्हणाली आणि गेली. तिचं सासर चालत जाण्याच्या अंतरावर, पण वर्षं गेली तरी दोघींपैकी कुणी वाकलं नाही. बाजारातून येताना मावशी तिकडचा रस्ता चुकवून लांबून यायची. दोघींच्या हट्टाचा मला मनस्वी संताप यायचा आणि दोघींसाठी तुटायचंही.

त्या संतापातच ती गोष्ट लिहिली. गोष्टीतली आई मरते. मुलगी धावत निघते, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येते, दारातली माणसं बघते, आईची शपथ आठवते आणि तिथूनच परत फिरते. एवढी एकच गोष्ट मी मावशीला वाचून दाखवली नाही. कुठल्या तोंडानं दाखवणार?

नेमकी तीच एका दिवाळी अंकात छापून आली. छापलेली माझी पहिली गोष्ट! शाळेत पेढे वाटले. हेडमास्तर म्हणाले, “आता तुम्ही साहित्यिक. वर्गावर कोण जाणार, आम्ही?” घरी आलो तर मावशीनं अंक माझ्या हातातून काढूनच घेतला. अक्षरओळख नसली तरी छापील म्हणजे सरस्वती. तिनं अंकाला हळदकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली आणि देवळीत देवांशेजारी ठेवून दिला. स्वतःच्याच मरणाची पूजा बाई करत होती आणि मी बघत उभा.

“वाचा की गुर्जी,” ती रोज म्हणायची. मी कधी पेपर तपासायचे आहेत म्हणायचो, कधी घसा बसलाय म्हणायचो.

मग एका रविवारी दुपारी दारात तिची पोरगी उभी राहिली. घामाघूम, हातात वाचनालयातून आणलेला तोच अंक. “गुर्जी, आईला मारलीत तुमी?” तिनं विचारलं.

मावशी चुलीपुढं बसलेली. तिनं पोरीकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, “ही काय म्हनती?”

मी पोरीच्या हातातल्या अंकाकडं बघितलं.

“त्या गोष्टीत मी हाय व्हय?”

“आहेस मावशी.”

“आन् मरती?”

“मरतेस.”

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला वाटलं, आता माझं बिऱ्हाड रस्त्यावर येणार. पण तिनं पदराला हात पुसले, देवळीतला अंक आणून माझ्यापुढं धरला आणि अगदी हळू विचारलं, “मयताला ही आलती का? तेवडं वाचून दावा.”

तेवढंच तिला हवं होतं. मेल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. मी पान उघडलं. समोर छापलेलं होतं, ती कोपऱ्यावरून परत फिरली. पोरगी दारातून माझ्याकडं टक लावून बघत होती. काय छापलंय ते तिला माहीत होतं.

मी पानावरची नजर न हलवता वाचलं, “मुलगी धावत आली. माणसांना बाजूला सारून आईपाशी बसली.”

“काय म्हनली?” मावशीनं विचारलं.

पुढचं मला सुचेना. वर्गात कधी अडलो नाही, तिथं अडलो. तेवढ्यात दारातून पोरगीच बोलली, “म्हनली, आये, चुकलं माजं. पर असली शपत घालत्यात व्हय पोटच्या पोरीला?”

मावशीनं तेव्हा कुठं मान वळवली. दोघी रडायला लागतील असं वाटलं होतं. पण मावशी उलट खेकसलीच. “मेल्यावर येऊन काय उपेग त्या भवानीचा? आत ये. दारात हुबी ऱ्हाऊ नकोस, जेवायची येळ झालीया.”

पोरगी आत आली, आईशेजारी बसली आणि मग मात्र तिला घास गिळवेना. मावशी एका हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं ताटात वाढतच होती. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मलाही आवरेना.

पुढं मी मास्तरकी सोडली, लेखक म्हणून चार ठिकाणी ओळख झाली आणि गोष्टींचा संग्रह काढायचं ठरलं. ती छापील गोष्ट मला खोटी वाटायला लागली होती. शेवट बदलून मुलीला आईपर्यंत आणावं असं फार मनात होतं. दोघींचं जाणंयेणं तोवर रोजचं झालेलं. एकदा पोरगी मावशीकडं भेटली तेव्हा तिलाच विचारलं, बदलू का?

“नगा गुर्जी,” ती म्हणाली. “त्या कोपऱ्यावरनं मागं फिरलेली मला बघवली न्हाई, म्हनून तर मी आले.”