मागला दिवा

मुरूड सोडलं तेव्हा दिवस मावळत होता आणि लातूर अजून लांब होतं. आमच्या सायकल ग्रुपमध्ये शेवटी नेहमी मीच असते. बाकीचे सातजण पुढे दिसेनासे झाले होते. समोरून मोटारसायकलवर एक दूधवाला आला, कानावरून टॉवेल बांधलेला. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं, गाडी फिरवली आणि तो माझ्या मागे मागे येऊ लागला. मी हळू झाले, तोही हळू झाला. मला भीतीच्या आधी राग येतो. मी थांबून खेकसले, "काय पाहिजे?"

तो लांबूनच म्हणाला, "ताई, तुमचा मागला दिवा बंद हाय. ट्रकवाल्याला दिसायचं न्हाई. तुम्ही चला, मी हाय की मागं."

मी पुन्हा पायडल मारू लागले. त्याचा इंडिकेटर मागे लुकलुकत होता.

ढाब्यावर ग्रुप दिसला, तसा त्याने दोनदा हॉर्न दिला आणि परत मुरूडकडे वळला. आभार मानायचे राहूनच गेले. वळताना त्याची गाडी खड्ड्यात आदळली, पण कॅन खडखडले नाहीत. ते भरलेले होते. मुरूडच्या डेअरीत घालायचं दूध अजून त्याच्याकडेच होतं.