मोटारीच्या तारेची गिटार

आमच्याकडे चार माणसं जमली, चहा झाला, की कोणीतरी म्हणतंच, "काकू, ते गिटारीचं सांगा ना." लगेच दुसरं कोणीतरी म्हणतं, जाऊ द्या हो, वाईट दिवस होते, कशाला आठवता. का नाही आठवायचे? घरात बसून काढलेले का असेनात, दिवस आमचेच होते. रडलो तसे हसलोसुद्धा, आणि ते हसलेलं काय फुकट घालवायचं? असे किस्से साठत साठत त्यांचं गाठोडं झालंय. एक ओढायला गेलं की दोन बाहेर पडतात.

आधी माणसं सांगते. हे म्हणजे आमचे मिस्टर, कोल्हारात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घराला लागूनच मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती अण्णांकडे भरायला टाकतात. मोटार भरायची म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी कॉइल एकेका खाचेत बसवायची. सगळा खेळ बोटांचा. मुलगी प्रज्ञा पुण्यात कॉलेजला. आणि तिसरी मी, माहेरची पाथर्डीची. तुमच्या गावाला पाणी कमी आणि आवाज जास्त, असं हे मला लग्नापासून ऐकवतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ह्यांना नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन, आणि हात थरथरत होते. चहाचा कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा बशीत. डॉक्टर म्हणाले, कमी होईल, कदाचित नाही होणार, आत्ताच सांगता येत नाही, आणि तूर्त घराबाहेर पडायचं नाही. घरी आल्यावर ह्यांनी दुकानाकडचं दार उघडलं, आत बघितलं आणि परत लावून घेतलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मोटार भरता आली नाही तर हा माणूस करणार काय? घरात तेवढा एकच प्रश्न होता, आणि तिघांपैकी कोणीच तो बोलून दाखवत नव्हतं.

*

हॉस्टेल बंद झालं तेव्हा प्रज्ञा टोमॅटोच्या टेम्पोतून गावी आली होती. टेम्पो पुण्यात माल टाकून रिकाम्या क्रेट घेऊन परत येतो, त्या क्रेटच्या ढिगाखाली हिची गिटार. कोल्हारात उतरवली तर गिटारीची मान मोडलेली. तशीच ती कोपऱ्यात पडून होती.

एक दिवस ह्यांनीच ती उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, हिला वार्निश लागेल. मोटार भरून झाली की कॉइलवर वार्निश सोडतात आणि मोठे बल्ब लावून पेटीत सुकवतात, म्हणजे सगळं घट्ट बसतं. तोच इलाज गिटारीवर! पण हात हलत होता, त्यामुळे वार्निश मानेवर कमी आणि इकडेतिकडे जास्त पडलं. पडलंच आहे तर सगळीलाच लावू, असं म्हणून ह्यांनी ती पुढून मागून न्हाऊ घातली. तारा काढायच्या राहिल्या, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

दिवसभर बल्बखाली भाजून गिटार बाहेर निघाली. नव्या सागवानी पाटासारखी चमकत होती. मान अशी पक्की की तिच्यावर दोर बांधून धुणं वाळत घाला. प्रज्ञाने तार छेडली, तर आवाज आला, "ठक." सगळ्या तारा लाकडाला चिकटलेल्या. पोरगी आता रडतेच की काय, असं मला झालं. ह्यांनी गंभीरपणे गिटारीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "आता विहिरीत पडली तरी जळायची नाही."

आधी प्रज्ञा हसली, मग मी, मग हे स्वतः. हसता हसता ह्यांना खोकला लागला तेव्हा मी घाबरले, पण हसणं काही थांबवलं नाही.

*

बाप-लेक गिटारीत गुंतल्यावर मी काय नुसत्या भाकऱ्या थापत बसू? दुकानात पंपाला द्यायच्या निळ्या रंगाचे उरलेले डबे होते. मी स्वयंपाकघर रंगवायला काढलं. भिंत झाली, मग दार, मग स्टूल, मग धान्याच्या कोठ्या. हात थांबेनाच. माणसाला कोंडून ठेवलं की ते काहीतरी करणारच.

संध्याकाळी हे उंबऱ्यात येऊन उभे राहिले. चारी बाजूंनी नीट पाहणी केली आणि विचारलं, "स्टार्टर कुठं बसवलाय?"

*

वार्निश खरवडून प्रज्ञाने नव्या तारा चढवल्या. आता सूर लावायचा. ती मोबाईलवर काहीतरी उघडायला लागली, तर ह्यांना ते पटेना. शेजारच्या मळ्यातली मोटार ह्यांनीच भरलेली. शेतीची थ्री फेज लाईट आली की तिचा घूं आवाज घरापर्यंत यायचा, आणि त्या आवाजावर ह्यांचा देवाइतका विश्वास. त्यांनी जाडी तार त्या आवाजाला जुळवायला लावली आणि बाकीच्या तारा तिच्यावरून.

मग प्रज्ञाच्या पुण्याच्या मैत्रिणी व्हिडिओवर एकत्र वाजवायला बसल्या. बाकी सगळ्यांचं जुळत होतं, हिचंच वेगळं. पलीकडून एक पोरगी म्हणाली, तुझी गिटार जरा वर लागलीये, खाली घे. प्रज्ञा काही बोलायच्या आत मागून ह्यांचा आवाज आला, "गिटार बरोबर आहे. ती कोल्हारच्या लाईटवर लावलीय. तुमच्या पुण्याची लाईट तपासून घ्या."

शेवटी त्या पोरींनीच आपापल्या गिटारी थोड्या वर घेतल्या. पाहुण्यांना हे खोटं वाटतं, पण प्रज्ञाला विचारा.

*

मग प्रज्ञाच्या डोक्यात आलं की गिटारीचा आवाज स्पीकरला न्यायचा. त्यासाठी म्हणे तारांच्या खाली लोहचुंबकावर गुंडाळलेली एक लहानशी कॉइल लागते. कॉइल म्हटल्यावर ह्यांचे कान टवकारले. जुन्या स्पीकरचं चुंबक मिळालं. तार मिळाली ती मोडक्या स्टार्टरच्या कॉइलमधली, केसासारखी बारीक.

इथं मात्र हसायचं थांबलं. मोटारीची जाड तार थरथरत्या हाताला थोडं तरी ऐकते, ही ऐकत नव्हती. गुंडाळत आणायची आणि तुटायची. पुन्हा जोडायची, पुन्हा तुटायची. मी आत भाकरी करत होते, पण कान सगळा बाहेर. शेवटी ह्यांनी ते रीळ भिंतीवर भिरकावलं आणि म्हणाले, "बास. हे हात गेले."

मी पिठाच्या हातानेच बाहेर आले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. कोणाचा राग ते माहीत नाही. त्या आजाराचा असेल. म्हटलं, "जन्मभर गावाच्या तुटलेल्या तारा जोडल्या, घरची एक जोडता येईना होय? उचला ते रीळ." गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार.

ह्यांनी रीळ उचललं. कोपर टेबलाला टेकवलं, मनगट छातीशी दाबून धरलं आणि हात हलतोय तर हलतोय, असं म्हणून गुंडाळायला लागले. कॉइल झाली ओबडधोबड, पण झाली. ती बसवल्यावर ह्यांनी एक तार दाबून धरली आणि प्रज्ञाने छेडली. बोट थरथरत होतं, म्हणून सूरही थरथरत आला. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, सूर असा हलवायला लोक क्लास लावतात."

"मग धाड त्यांना माझ्याकडं," हे म्हणाले.

*

घरात स्पीकर कुठला? दुकानात कोणाचातरी लग्नातला कर्णा आणि त्याचा अँप्लिफायर दुरुस्तीला येऊन पडला होता. त्यालाच जोडलं. प्रज्ञाने पहिला झणकारा मारला आणि झाडावरचे कावळे उडाले. आमच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावून रस्ता ओलांडणारी माणसं जागच्या जागी थांबली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, अजून वाजव.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे चुलतभाऊ बाळू भावजी फाटकापाशी आले. माणूस वाईट नाही, पण घाई फार. मास्कच्या आडून म्हणाले, अण्णाला आता आरामच करू द्या, दुकानाची किल्ली माझ्याकडं द्या, बंद पडण्यापेक्षा मी चालवतो. हे ओट्यावरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी म्हटलं, "भावजी, किल्ली ह्यांच्या हातात आहे. हात हलतो, पण किल्ली पडलेली नाही."

भावजी जरा घुटमळले आणि निघाले. रात्री झोपायच्या आधी ह्यांनी दुकानाकडचं दार उघडून आतला दिवा लावला, आणि बराच वेळ तो चालू होता.

*

आता शेवटचा किस्सा. किसनतात्या म्हणून प्रवरेकाठचे एक शेतकरी. त्यांची मोटार जळाली, उसाला पाणी नाही आणि बाकीची दुकानं बंद. ह्यांचे कोंडून राहायचे दिवस तेव्हा संपले होते, पण लोकांची भीती संपली नव्हती. तात्यांनी मोटार टेम्पोतून आणली, फाटकाशी उतरवली आणि स्वतः पार रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. तिथनंच म्हणाले, "अण्णा, मोटार तर आणलीय. पर तुमचे हात हलत्यात म्हनं?"

"हलतात," हे म्हणाले. "जमलं तर भरीन, नाही जमलं तर तसं सांगीन. खोटं बोलायचो नाही."

एरवी असली मोटार ह्यांच्या हातात आली की बोलता बोलता भरून व्हायची. ह्या वेळी दिवसामागून दिवस गेले. कोपर टेबलाला, मनगट छातीला, आणि एकेक कॉइल खाचेत. प्रज्ञा मदतीला बसली तर तिला उठवलं. मला तर आत येऊच दिलं नाही. मी दाराबाहेर लसूण सोलत बसायचे. त्या दिवसांत घरात एवढा लसूण सोलला गेला, की शेवटी लोणचं घातलं.

मोटार बसवायला मीही मळ्यावर गेले. हे नको म्हणत होते, पण मी ऐकते होय? विहिरीवर सगळं जोडून झालं. लाईट आली. ह्यांनी स्टार्टरच्या हिरव्या बटनाकडं बोट नेलं, तर बोट बटनाच्या आजूबाजूला फिरायला लागलं. मधे कोणी आलं नाही. शेवटी बटन दाबलं. मोटार घुमली. पाइप दोनदा खोकला आणि पाण्याचा लोट बाहेर पडला.

तात्या इतका वेळ बांधाच्या टोकाला, तोंडाला उपरणं बांधून उभे. ते तसेच चिखलातून ह्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "अण्णा, हात धुवा."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. माझं डोकं सणकलं. पाथर्डीचा सगळा आवाज काढून मी म्हटलं, "का हो तात्या? मोटार भरून घेताना चालले हे हात, आणि आता धुवायला लावता?"

तात्यांनी तोंडावरचं उपरणं खाली ओढलं आणि म्हणाले, "आवो वैनी, मग जेवनार कसे? आत चला. पानं वाढलीत."