लाओसच्या पानांवरची पेन्सिल

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी आणि माझी धाकटी बहीण व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाला जाणार होतो. टूर कंपनी नको, आपलं आपण फिरायचं, ही तिची अट. हातात प्रवासाच्या माहितीचं छापील पुस्तक हवं, ही माझी. तीन देशांची तीन पुस्तकं घेतली असती तर बॅगेत कपड्यांना जागा उरली नसती. म्हणून तिन्ही देश एकातच असलेलं शोधत एका दुपारी आम्ही अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तकांच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं दोन काढून दिली. एक नवंकोरं, फोटोंनी भरलेलं. दुसरं वापरलेलं, पण नकाशे फार छान. बहीण हडपसरहून दोन बस बदलून आली होती. ती समोर रस प्यायला गेली आणि मी माझ्या पद्धतीनं पुस्तकं पारखायला बसले. दोन्हींत एकच गाव काढायचं आणि कोण काय सांगतं ते ताडून बघायचं. मी लाओसमधलं नदीकाठचं एक लहान गाव निवडलं.

जुन्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं मराठीत नोंदी होत्या. अक्षरं दोन, एक गोल आणि एक तिरकं. मी मागे जाऊन व्हिएतनामपासून वाचायला घेतलं. गोल अक्षर सांगत होतं, 'इथे साधा भात मिळतो.' खाली तिरकं, 'हिला जाईल तिथे भातच हवा.' मला हसू आलं. आम्हीही अशाच.

त्या गावाच्या पानावर, धबधब्याच्या माहितीशेजारी, गोल अक्षरात 'उद्या सकाळी' एवढंच होतं. त्यापुढे गोल अक्षर कुठेही नव्हतं.

तिरकं मात्र चालूच होतं, आणि 'आम्ही दोघी' असंच लिहीत होतं. 'इथे एकच ताट मांडतात. दुसरं मागून घ्यावं.' मग कंबोडियात, 'होडीत शेजारची जागा अडवून ठेवावी, नाहीतर कोणीही येऊन बसतं.' शेवटी कुठेतरी, 'आजही ती जेवली नाही.' सगळं शांतपणे, पुढच्या प्रवाशाच्या उपयोगी पडावं अशा सुरात.

"हे कोणी दिलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पुस्तक विकतो आम्ही. सोबत वंशावळ देत नाही." मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक बाई होत्या. साठीच्या असतील. बसायला दोन खुर्च्या मागितल्या."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही." त्यानं कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे बघितलं. "दिल्या मी दोन. जाताना दाराशी बाजूला सरून उभ्या राहिल्या. आधी कुणाला तरी बाहेर जाऊ द्यावं, तशा."

बहीण परत आली, नकाशे बघून म्हणाली, "हेच घेऊ." मी म्हटलं, पानं सुटतायत. तिला दुसरं काहीच सांगितलं नाही. नवं घेऊन आम्ही निघालो.

दोन महिन्यांनी त्या गावात पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धबधब्याला जायला तयार होऊन उभी. माझं पोट दुखतंय, मी म्हटलं.

"मग तू आराम कर, मी जाऊन येते."

मी तिचं मनगट धरलं. किती घट्ट, ते मला कळलं नाही.

"ताई, हात सोड. दुखतंय."

ती गेली नाही. पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. बाकी प्रवास नीट पार पडला, सुखरूप परतलो.

पुण्यात आल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"तेव्हाच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं."

पुढच्या वर्षी ती एका ग्रुपबरोबर बालीला गेली. मला विचारलं नाही. रोज फोटो पाठवायची. मी प्रत्येक फोटो मोठा करून, माणसं मोजून बघत असे.