अण्णांनी उचलून बघितलेला ॲम्प्लिफायर

माझे मोठे स्पीकर करंट लई ओढायचे. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर तापून बंद पडायचा. नवा घ्यायला वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन निपाणीहून बेळगावला गेलो. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, अण्णा तंबाखूच्या वखारीत हमाल. दुकानात त्यांनी दोन ॲम्प्लिफायर उचलून बघितले आणि म्हणाले, "ह्यो जड हाय. ह्योच घे रं." दुकानदार हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो आणि जास्त वॅट छापलेला हलका घेतला.

आठवड्यात तोही बंद पडू लागला. बदलायला दोघं परत गेलो. दुकानदारानं दोन्हींची झाकणं उघडून दाखवली. जडातला ट्रान्सफॉर्मर दुप्पट मोठा होता, वजन त्याचंच. करंट तोच पुरवतो, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

बदलून घेतलेल्या जड ॲम्प्लिफायरचं खोकं बसस्टँडपर्यंत अण्णांनीच खांद्यावर घेतलं. मी का हसलो, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.