रडणारी बाई

आठवीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन सांगलीकडून गोंदियाजवळच्या कामठ्याला आले. बालवाडीत ताई म्हणून घेतलं, पण गोंदियातल्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर पाठ घेणं जमलं तरच काम टिकणार होतं. मुलाचं शरीर, मन, बोलणं सगळं एकत्रच वाढतं, असं मॅडम शिकवायच्या. मला समजायचं, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की पाठ केलेलंही आठवायचं नाही.

सतरंजीवर माझ्या शेजारी एक पोक्त बाई बसायची. नाव कधी विचारलं नाही. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. ती पहाटे बांधीत, भाताच्या खाचरात राबून यायची, नखांत चिखल तसाच. भिंतीला टेकली की डोळे मिटायची, आणि मॅडमनी हटकलं की म्हणायची, "आयकून राहिली जी."

पाठाच्या वेळी बाकीच्या बायकांनी लेकरं व्हायचं, अशी तिथली रीत. माझी पाळी आली आणि मी पाठातलं गाणंच विसरले. मॅडम वाट पाहत राहिल्या. तेवढ्यात ही बाई गळा काढून रडू लागली, "मले मायपाशी जायाचं हाये!"

सगळ्या हसल्या. मी मात्र धावले. तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, तिच्या तळहातावर खोटा खोटा भात कालवून तिला भरवला.

"जमलं की तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत मी तिचे आभार मानले.

"तुह्यासाठी नाही रडली वो बाई," ती म्हणाली. "घरी मी रडत बसली, त सैपाक कोन करन?"

मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली. दुपारचा तास सुरू झाला, तरी मी खांदा हलवला नाही.