अंगठ्याचे ठसे

मेसमधल्या बाईंमुळे माझी नोकरी राहिली, हे आधी सांगते. बाकीचं त्यानंतर.

मी सावली गावाकडची. आम्ही वैनगंगेत मासे धरणारी माणसं. आठवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी सूरजागडाच्या खाणीच्या वाटेवर, साहेब लोकांच्या एका मेसमध्ये स्वयंपाकाला लागले. घरापासून दिवसभराची एसटी. पहिला महिना माझं काम पारखून मगच मला ठेवणार होते. माझ्या आधीच्या पोरीला दूध करपलं म्हणून परत पाठवलं होतं. मला परत जायला जागा नव्हती. मी निघाले त्याच दिवशी भावजयीनं माझी खाट धान्याच्या पोत्यांना दिली.

उन्हाळ्यात मेसमधल्या मोठ्या साहेबांच्या घरून खोकं आलं. साहेब तिकडे हिमालयाच्या पहाडातले. आईनं दारातल्या झाडाचे आडू पाठवले होते. त्यालाच पीच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"अच्छे-अच्छे छाँट के गुड़ में पका देना," एवढं सांगून साहेब कामावर गेले.

असं फळ मी कधी पाहिलं नव्हतं. हाताला बारीक लव लागली. चांगलं ओळखायची मला एकच रीत ठाऊक. मासा अंगठ्यानं दाबायचा. खड्डा भरून आला तर ताजा, तसाच राहिला तर बासी. मी एकेक आडू दाबला. कडक ते पातेल्यात, खड्डा पडला ते फेकायच्या बादलीत. पातेलं अजून चुलीवर चढायचं होतं.

पिकल्या फळांच्या वासावरच बाई आत आल्या. त्या एटापल्लीकडच्या, मेसच्या जुन्या स्वयंपाकीण. बादलीत वाकून पाहिलं.

"काऊन वो पोरी, पिकलेले फेकून राह्यली अन् कच्चे शिजवून राह्यली?"

"बासी हायेत बाई. दबले."

"फळ हाय का मासोळी हाय ते?"

मला हसू आलं नाही, रडूही नाही. सावलीकडची एसटी किती वाजता सुटते, तेवढं डोक्यात आलं.

"मीनं बी नाई पाह्यलं हे कधी," बाई म्हणाल्या. "पण रानातले टेंभरं पिकले का नाई, कशे पाहतो आपण? देठाशी नाक ने. हिरवा रंग गेला, पिवळा आला, वास आला, झालं. बोट नाई लावाचं. तळहातावर ठेवाचं."

बादली नुकतीच धुतलेली होती, नशीब. बाईंनी आडू काढून धुतले. प्रत्येकावर माझा अंगठा तपकिरी उमटला होता. तेवढं कापून टाकलं. गूळ, पाण्याचा शिंतोडा, वर झाकण. रस आपोआप सुटला. कडक आडू त्यांनी पेपरवर मांडले, दोन दिवस पडू दे म्हणून.

दुपारी साहेब आत आले. पेपरवरच्या आडूंवरही डाग दिसत होते.

"ये किसने दबाए?"

"मीनं," बाई म्हणाल्या. "नजर कमी झाली साहेब."

साहेब एक आडू हातात धरून उभे राहिले. "माँ ने एक-एक तोड़ा था," म्हणाले.

मी तिथेच होते. तोंड उघडलं नाही.

साहेबांनी गुळातल्या आडूंची वाटी पुसून खाल्ली, तरी बाईंना आठवडाभर भांड्यांवर बसवलं. मी चुलीपाशी, त्या मोरीत राखेनं कढया घासत. "शिजव आता, मासोळी," तिथूनच म्हणायच्या.

त्या साहेबांची पुढे बदली झाली. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. बाईंना मात्र मी एक दिवस वैनगंगेवर नेईन. त्यांना पाटावर बसवेन, मासा मी अंगठ्यानं दाबून घेईन, मीच रांधेन, आणि त्या दिवशी एकही भांडं त्यांच्या हाताला लागू देणार नाही.